लिनक्स टाकलं म्हणून वॉरंटी जात नाही

प्रश्न: मी जुळे सोलापुरात राहते. पूर्व भागातल्या बिडी कामगार बायकांच्या आठवणी ऐकून लिहून काढते आहे. त्यातलं थोडं दिवाळी अंकांना देते, मानधन किरकोळ मिळतं. लिहिण्यासाठी पुण्याच्या एका विक्रेत्याकडून २४,५०० रुपयांना रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण नीट करून विकलेला, लॅपटॉप मागवला. पैसे यूपीआयनं दिले, माल ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं आला. ‘विंडोज ओरिजिनल, सहा महिने वॉरंटी’ असं त्यानं व्हॉट्सॲपवर लिहून दिलं होतं. महिन्याभरात ‘विंडोज ॲक्टिव्हेट करा’ अशी सूचना दिसू लागली. भाच्यानं पाहिलं, विंडोज पायरेटेड म्हणजे विनापरवाना आहे म्हणाला, सूचनेचा फोटो काढला आणि विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकून दिली. पंधरा दिवस छान चाललं. आता झाकण जरा हललं की स्क्रीन काळी पडते आणि कीबोर्डची चार बटणं लागत नाहीत. विक्रेता म्हणतो, ‘सिस्टीम बदललीत, वॉरंटी संपली. बिलावर पुणे न्यायकक्षा छापलंय, काय करायचं ते इथं येऊन करा.’ पैसे परत मिळतील का? पायरेटेड विंडोज वापरली म्हणून मीच अडकेन का?

उत्तर: ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगतो, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच दिसते. तुम्ही अडकणार नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार पायरेटेड प्रोग्रॅम संगणकावर वापरणं गुन्हा आहे, पण तो जाणूनबुजून वापरला तर. तुम्हाला ‘ओरिजिनल’ असं लेखी सांगितलं होतं आणि खरं काय ते कळताच तुम्ही ती विंडोज काढून टाकली. भाच्यानं योग्य तेच केलं. आता ‘तीच विंडोज पुन्हा टाकून देतो’ असं विक्रेता म्हणाला तर मात्र ठाम नाही म्हणा. यापुढे वापरलीत तर माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही.

आता वॉरंटी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘दोष’ शब्दाची व्याख्या मोठी आहे. विक्रेत्यानं कोणत्याही प्रकारे जो दर्जा सांगितला असेल, त्यात कमी पडलेली वस्तू सदोष ठरते. ‘कोणत्याही प्रकारे’ यात व्हॉट्सॲपचा मेसेज येतो. वस्तू जुनी होती, एवढ्यानं विक्रेत्याची सुटका होत नाही. सहा महिन्यांचा शब्द त्यानं जुन्याच वस्तूबद्दल दिला होता. आणि सिस्टीम बदलली तर वॉरंटी रद्द, ही अट विकताना सांगितलेलीच नव्हती. तक्रार आल्यावर शोधून काढलेली अट तुमच्यावर लादता येत नाही.

तरीही प्रकरण ग्राहक आयोगात गेलं तर विक्रेत्याचा वकील म्हणेल की बिघाड लिनक्समुळेच झाला. याचं उत्तर यंत्रालाच देऊ द्या. लॅपटॉप चालू करताना ठरावीक बटण दाबलं की बायोसची, म्हणजे यंत्राच्या अंगभूत प्रोग्रॅमची, सेटिंगची स्क्रीन येते. बऱ्याच मॉडेलमध्ये ते एफ२, एफ१० किंवा डिलीट असतं. त्या क्षणी विंडोज किंवा लिनक्स यांपैकी काहीच सुरू झालेलं नसतं. तिथं झाकण हळूच मागेपुढे करा. तिथंही स्क्रीन काळी पडत असेल, तर दोष बिजागरीतल्या केबलचा किंवा पॅनेलचा आहे, ऑपरेटिंग सिस्टीमचा त्याच्याशी काही संबंध नाही. याचा सलग, न कापलेला व्हिडिओ काढा. सुरुवातीला लॅपटॉपच्या खालचा सिरियल नंबर स्पष्ट दिसू द्या. कीबोर्डसाठी स्थानिक दुरुस्तीवाल्याकडून लेटरहेडवर तपासणीचा दाखला घ्या, पण लॅपटॉप उघडून दुरुस्त करू देऊ नका. एकदा उघडला की विक्रेत्याला नवं कारण मिळतं. अशा प्रकरणात माझा सगळ्यात जास्त भर या व्हिडिओवर असतो. आयोगाला वाटलं तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवता येते, पण २४,५०० च्या वादात ते लांबण टाळलेलं बरं.

तुमची बाजू कुठं लंगडी आहे, तेही सांगायला हवं. लिनक्स टाकताना जुनी विंडोज पुसली गेली. ती पायरेटेड होती याला आता सूचनेचा फोटो आणि भाच्याचं शपथपत्र एवढाच आधार आहे. शिवाय विंडोज ८ नंतरच्या बऱ्याच यंत्रांत मूळ परवान्याचा क्रमांक (‘की’) फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्राच्या अंगभूत प्रोग्रॅममध्येच, साठवलेला असतो. भाच्याला लिनक्समधून तो आहे का पाहायला सांगा. असेल तर विक्रेता म्हणेल, परवाना होताच. त्यात तुमचा फायदाही आहे: त्याच आवृत्तीची विंडोज कधीही कायदेशीरपणे टाकता येईल. म्हणून तक्रारीत हार्डवेअरचा दोष पहिला ठेवा आणि पायरेटेड विंडोजचा मुद्दा दुसरा. दुसरी अडचण वस्तुविक्रय कायदा, १९३० च्या कलम ४२ ची. लिनक्स टाकून वापरलात म्हणजे माल स्वीकारलात, आता तो परत करता येणार नाही, असं विक्रेता म्हणू शकतो. त्यामुळे मागणी दुहेरी करा: पूर्ण रक्कम परत द्या, नाहीतर स्वखर्चानं दुरुस्ती करून विंडोजच्या परवान्याची किंमत द्या. शिवाय दोन्हींत त्रासाची भरपाई मागा.

पुण्याला जायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. बिलावरच्या छापील ओळीनं तो हक्क बुडत नाही. तुमची तक्रार सोलापूर जिल्हा ग्राहक आयोगातच चालेल. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांची आहे आणि वस्तूसाठी दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं मुदत आहे. वकील लावणं सक्तीचं नाही, ऑनलाइनही दाखल करता येतं. दिवाळी अंकाच्या मानधनामुळे तुम्ही ‘व्यावसायिक’ ठरत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदारही कायद्यानं ग्राहकच आहे.

पण त्याआधी नोटीस. स्पीड पोस्टनं, पोहोच मिळेल अशी. तारखा, रक्कम, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, मेसेजमधले त्याचे शब्द जसेच्या तसे, आणि पंधरा दिवसांची मुदत. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरेच विक्रेते तिथला फोन आल्यावरच बोलायला तयार होतात. तोवर चॅट पुसू नका, आणि शक्यतो तो फोनही बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार स्क्रीनशॉटसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, मूळ चॅट हाताशी असली की ते सोपं जातं.

पैसे परत मिळून दुसरं यंत्र घ्यायची वेळ आली तर, नुसतं लिहिण्यासाठी लिनक्स पुरेसं आहे. लिबरऑफिस फुकट आहे, युनिकोड मराठी नीट चालते. श्रीलिपी या फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्येच फाइल हवी असं म्हणणारा संपादक असेल तर मात्र आधी विचारून घ्या. विंडोजच हवी असेल तर प्रोसेसर कितव्या पिढीचा ते पाहा. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. बिलावर सिरियल नंबर, ‘रिफर्बिश्ड’ हा शब्द, वॉरंटीची मुदत आणि विंडोजचा परवाना आहे की नाही, हे चारही लिहून घ्या. एखाद्या कंपनीचं मालमत्तेचं लेबल किंवा बायोसला पासवर्ड दिसला तर यंत्र कुठून आलं याचा कागद मागा. चोरीचा माल निघाला तर पोलिस तो जप्त करतील, आणि तुम्हाला पैशांसाठी पुन्हा विक्रेत्याच्याच मागे लागावं लागेल.

लॅपटॉप दुरुस्तीला किंवा परत पाठवण्याआधी सगळं लेखन आणि ध्वनिमुद्रणं दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवा, मग डिस्क पूर्ण पुसायला भाच्याला सांगा. त्या बायकांनी विश्वासानं सांगितलेलं आहे. त्यांची नावं आणि घरचे तपशील विक्रेत्याच्या टेबलावर जाता कामा नयेत. पुसण्याआधी लॅपटॉपचे फोटो आणि तो व्हिडिओही त्याच पेनड्राइव्हवर ठेवा. नोटिशीचा मसुदा झाला की पाठवा, मी पाहून देईन.