मासे सोडायचे नाहीत, पण समुद्रावर ताणही नको. बाजारात काय बघून घ्यावं?

मासा कोणता, याइतकंच तो केवढा आणि कधी धरलेला, हेही बघा. आपल्याकडचं मोठं नुकसान पिल्लं खाण्याने होतंय. एकदाही अंडी न घातलेलं पापलेट ताटात आलं की पुढची पिढीच संपली.

महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३.५ सेंटीमीटर, बोंबील १८, सुरमई ३७. मोजायचं तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. टेप लागत नाही: साधा स्मार्टफोन साधारण १६ सेंटीमीटरचा, म्हणजे मर्यादेहून थोडा लांबच असतो, पापलेट त्याहून आखूड दिसलं तर ठेवून द्या. सुरमईच्या बाबतीत ३७ ही फारच खालची मर्यादा आहे, ती अंडी घालण्याजोगी व्हायला बरीच मोठी व्हावी लागते. म्हणून किलोच्या आतली सुरमई घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. आणि आधीच कापलेल्या तुकड्यांवरून काही कळत नाही. "मावशी, अख्खी दाखवा, मग कापा," एवढं म्हणायला संकोच कशाला?

मात्र बारीक मासा म्हणजे पिल्लू असा गैरसमज नको. मांदेली आणि जवळा (हा खरं तर बारीक कोळंबीचा प्रकार) जातीनेच लहान. अडचण अशी की जवळ्यासाठी लावलेल्या बारीक जाळ्यात पापलेटची पिल्लंही येतात. वाट्यात चपट्या, चंदेरी टिकल्या मिसळलेल्या दिसल्या तर तो वाटा नको.

१ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते, कारण बऱ्याच जातींचा हा विणीचा काळ. बिगरयांत्रिक होड्यांना मुभा असते आणि पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनला संपते, त्यामुळे जुलैत दिसणारा प्रत्येक मासा चोरीचा नसतो. तरी कुठून आला ते विचारा. या दोन महिन्यांत कोळणींकडून सुकं घेणं मला सगळ्यात योग्य वाटतं: बोटी बंद असताना त्यांच्या घरात पैसा जातो आणि समुद्रालाही उसंत मिळते. सुका बोंबील मोडून बघा. कट्कन तुटला तर चांगला वाळलेला. नुसता वाकला तर ओल राहिली आहे, पावसाळी हवेत आठवड्यातच बुरशी धरेल.

रोजच्या खाण्याला तारली आणि बांगडा बरे. लवकर वाढतात, वर्षा-दीड वर्षात अंडी घालतात. तिसऱ्या आणि कालवं पाणी गाळून आपलं खाणं मिळवतात, त्यांना वेगळं खाद्य घालावं लागत नाही. तळ्यातले रोहू-कटला मुख्यतः भाताच्या कोंड्यावर आणि पेंडेवर वाढतात. पाळलेल्या कोळंबीच्या खाद्यात मात्र माशांची भुकटी असते, म्हणजे तिच्यासाठी समुद्रातून पुन्हा मासळी काढावीच लागते.

मोरी (मुशी), म्हणजे लहान शार्क, शक्यतो टाळा. तिला वयात यायलाच काही वर्षं लागतात आणि पिल्लंही मोजकीच होतात. एकदा कमी झाली की तिची संख्या भरून यायला फार काळ जातो. कालवणच हवं असेल तर बांगड्याचं करा.