नॉर्वेजियनमध्ये क्रियापदाला ‘-अर’ लावला की माणूस तयार होतो का?

प्रश्न असा आहे: ‘बाके’ म्हणजे बेक करणं आणि ‘बाकर’ म्हणजे बेकरीवाला, तर मग प्रत्येक क्रियापदाला ‘-अर’ लावून व्यवसायांची नावं करता येतील का?

नाही येणार. ‘आपल्या -णारासारखंच आहे, लावत सुटा’ असं शिकवणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. ‘-णारा’ कुठल्याही धातूला लागतो, बोलता बोलता घडवता येतो. ‘-अर’चं तसं नाही. तोही भरपूर चालतो, पण बऱ्याच ठिकाणी त्याची जागा आधीच दुसऱ्या शब्दाने अडवलेली असते. (खाली ‘ø’ साठीही ‘ओ’च लिहितोय. तो ओठ गोल करून ‘ए’ म्हटल्यासारखा म्हणायचा.)

‘कूके’ म्हणजे शिजवणं, उकळणं. पण स्वयंपाकी ‘कॉक’. ‘कूकर’ हे उकळण्याचं साधन, पाण्याची किटली ‘वानकूकर’. नोकरीच्या मुलाखतीत ‘मी कूकर आहे’ म्हणालात तर समोरचा गोंधळणारच. ‘स्क्रीवे’ म्हणजे लिहिणं, पण आजच्या ऑफिसात ‘स्क्रीवर’ म्हणजे प्रिंटर. लेखक ‘फोरफात्तर’. सायकल चालवणारा ‘सिक्लिस्त’, कारण ‘सीक्लर’ हे एकतर वर्तमानकाळाचं रूप (‘सायकल चालवतो’) किंवा ‘सायकली’. ‘लॅरे’चे तर शिकणं आणि शिकवणं असे दोन्ही अर्थ आहेत, तरी ‘लॅरर’ फक्त शिक्षक. शाळेतला विद्यार्थी ‘एलेव’ आणि कंपनीत काम शिकणारा ‘लॅरलिंग’. नॉर्वेतल्या व्यावसायिक शिक्षणाचा नेहमीचा आराखडा दोन वर्षं शाळा आणि दोन वर्षं उमेदवारी असा आहे, त्यामुळे हा शब्द नोकरीच्या जाहिरातींत सतत भेटतो.

सगळ्यात जास्त चुका ‘-एरे’ने संपणाऱ्या परक्या मुळाच्या क्रियापदांत होतात. तिथे आधी ‘-एरे’ काढा. उरलेल्या अंगाला ‘-ओर’, ‘-एन्त’ किंवा ‘-आन्त’ लागतो. मोन्तेरे (यंत्र बसवणं) – मोन्तोर, मासेरे (मालिश करणं) – मासोर, स्तुडेरे – स्तुडेन्त, दिरिगेरे (वाद्यवृंद चालवणं) – दिरिगेन्त. कधी अंगच बदलतं: रेडिगेरे (संपादन करणं) – रेडाक्तोर. यांत जोर शेवटच्या अवयवावर पडतो. तो पहिल्यावर दिलात तर शब्द ओळखीचा असूनही ऐकणाऱ्याला पटकन कळत नाही. कुठल्या अंगाला कोणता प्रत्यय लागतो याचा भरवशाचा नियम नाही. क्रियापदाबरोबरच माणसाचं नाम पाठ करा. ‘स्तुडेरर’ म्हणालात तर त्याचा अर्थ ‘शिकतो’ एवढाच. आयटीवाल्यांना मात्र उलटा अनुभव येतो: ‘प्रुग्रामेरर’ हे क्रियापदाचं रूपही आहे आणि प्रोग्रामरसाठीचं नामही.

अनेकवचनात हा घोळ आणखी वाढतो. ‘लॅरर’चं अनेकवचन ‘लॅरेरे’, निश्चित रूप (ठरावीक, ओळखीच्या शिक्षकांसाठीचं) ‘लॅररने’. पण ‘-इस्त’, ‘-ओर’, ‘-एन्त’वाल्यांचं अनेकवचनच ‘-अर’ लावून होतं: सिक्लिस्तर, मोन्तोरर, स्तुडेन्तर. म्हणजे शेवटी ‘-अर’ दिसला की एक माणूस, हे समीकरण इथेच कोसळतं.

गावाच्या माणसांसाठी आपल्या ‘-कर’सारखा सरसकट चालणारा प्रत्यय शोधू नका. बर्गनचा ‘बॅर्गेन्सर’, त्रोन्देलाग प्रांताचा ‘त्रोन्नर’, त्रुमसोचा ‘त्रुमसोवॅरिंग’, बूडोचा ‘बूडोवॅरिंग’. स्तावांगरच्या माणसाला बोलताना सर्रास ‘सिद्दिस’ म्हणतात. देशांचंही तेच. जर्मन ‘त्युस्कर’, आइसलँडचा ‘ईसलेनिंग’, तर खुद्द नॉर्वेचा माणूस ‘नूरमान’, अनेकवचन ‘नूरमेन’.

स्त्रियांसाठीचा ‘-इन्ने’ वापरू नका. ‘लॅररिन्ने’ आज जुनाट वाटतं, ‘लॅरर’ दोघांनाही चालतं. मैत्रिणीसाठीचं ‘वेनिन्ने’ मात्र रोजच्या बोलण्यात आहे. ‘-मान’ही पदनामांतून मागे सरकतोय: प्रांतातला सरकारचा प्रतिनिधी ‘फ्युल्केसमान’ होता, १ जानेवारी २०२१ पासून तो ‘स्तात्सफोरवाल्तर’ झाला.

हे सगळं बूकमोलबद्दल, म्हणजे नॉर्वेजियनच्या दोन लेखी रूपांपैकी जास्त चालणाऱ्या रूपाबद्दल आहे, हे आधीच सांगायला हवं होतं. दुसऱ्या रूपात, न्यूनोर्स्कमध्ये, ‘-अर’च्या जागी बहुधा ‘-आर’ येतो, ‘लॅरार’, अनेकवचन ‘लॅरारार’. तुमची नगरपालिका न्यूनोर्स्क वापरत असेल तर तिच्या पत्रांत हीच रूपं दिसतील.

व्यवसाय सांगताना ‘एन’ (इंग्रजीतल्या ‘a’सारखा शब्द) लावू नका. ‘हान अर लॅरर’ बरोबर. विशेषण आलं की ‘एन’ परत येतो: ‘हान अर एन फ्लिंक लॅरर’, म्हणजे तो चांगला शिक्षक आहे. ‘-अर’ची यादी घोकायला लावणाऱ्या शिकवणीत ही गोष्ट शेवटच्या धड्याला ढकलतात. ती पहिल्याच दिवशी सांगायला हवी, कारण स्वतःची ओळख करून देताना पहिलं वाक्य हेच लागतं.