वाचकांचे प्रश्न : न्यूयॉर्कचा सौदा, शिकागोचा भाव आणि आपली बाजार समिती

प्रश्न : आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा अर्थकारण आणि जगातल्या घडामोडींवर बैठक होते. पंधरा-वीस जण येतात. पण अर्ध्या तासात गाडी पक्षांवर घसरते आणि पुढे नुसता कल्ला होतो. दोन तास नीट चर्चा व्हावी यासाठी काय करावं?
(वाचनालयाचे कार्यकर्ते, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

आधी फळ्यावर विषय कोणत्या शब्दांत लिहिता ते तपासा. ‘शेतकऱ्याला न्याय मिळेल का?’ असे लिहिले की प्रत्येक जण उत्तर घरूनच घेऊन येतो. त्याऐवजी असे लिहा : ‘कापसावरचे आयात शुल्क माफ झाले, तर आपल्या बाजारात क्विंटलमागे जास्तीत जास्त किती फरक पडेल?’ याचे उत्तर रुपयांत येते. रुपये काढायचे म्हणजे सगळ्यांना एकाच हिशेबाला बसावे लागते.

वेळ आधी वाटून घ्या. वीस मिनिटे एकाच माणसाची मांडणी, मध्ये कोणी बोलायचे नाही. अर्धा तास फळ्यावर हिशेब. पन्नास मिनिटे मोकळी चर्चा. उरलेल्या वीस मिनिटांत कशावर एकमत झाले नाही आणि ते मिटवायला कोणती माहिती लागेल, याची नोंद. हा शेवटचा भाग बहुतेक ठिकाणी गाळला जातो, म्हणून पुढच्या महिन्यात तोच वाद पहिल्यापासून सुरू होतो.

फळ्यावर तीन रकाने आखा : माहिती, अंदाज, मत. ‘ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ झाले’ ही माहिती. ‘त्यामुळेच भाव पडला’ हा अंदाज. ‘माफ करायला नको होते’ हे मत. बोलणाऱ्याने आपले वाक्य कोणत्या रकान्यात जाते ते स्वतः सांगायचे. आणि एक नियम सैल सोडू नका : समोरच्याचे म्हणणे खोडायचे असेल तर आधी ते त्याच्या वतीने मांडायचे, आणि तो ‘हो, हेच म्हणतोय मी’ म्हणाला की मगच उत्तर द्यायचे. पहिल्या एक-दोन बैठकींना यात वेळ जातो, पण आवाज नक्की खाली येतो.

बैठकीत विकणारा आणि घेणारा दोघेही हवेत. एखादा अडत्या, एखादा जिनिंगवाला (कापसातून सरकी वेगळी काढणारा कारखानदार) मुद्दाम बोलवा. त्याच्या तोंडून खर्चाचे आकडे आले की निम्मे तर्क आपोआप गळतात. वेचणीला किलोमागे काय द्यावे लागते आणि फरदड (मुख्य वेचण्या संपल्यावर त्याच झाडांवर उशिरा येणारा कापूस) वेचायला परवडते का, हा हिशेब गावातल्या बायकांना पुरुषांपेक्षा चांगला माहीत असतो. रात्री आठची बैठक असेल तर त्या येणार नाहीत, तेव्हा रविवारची दुपार धरा. मोबाइलवर आलेला भाव कोणी वाचून दाखवला तर तीन गोष्टी विचारा : तारीख कोणती, माल कोणता, माप कोणते. तिन्ही सांगता आले नाहीत तर तो आकडा फळ्यावर घेऊ नका.

प्रश्न : न्यूयॉर्कचा कापसाचा भाव सेंटमध्ये असतो, गठाणीचा भाव खंडीत आणि आमचा क्विंटलमध्ये. एकमेकांशी ताळा कसा लावायचा? आणि शुल्कमाफीने खरंच किती फरक पडतो?
(कापूस उत्पादक, हिंगणघाट, जि. वर्धा)

न्यूयॉर्कचा भाव म्हणजे तिथल्या वायदे बाजारातला भाव. तो रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा असतो आणि एका पौंडाचा असतो. तुम्ही बाजारात नेता तो सरकीसकट कापूस. सगळा घोळ इथेच होतो. न्यूयॉर्कच्या भावाला थेट क्विंटलने गुणणारे बरेच भेटतात.

उदाहरणासाठी न्यूयॉर्क ७० सेंट आणि डॉलर ८५ रुपये धरू. तुम्ही त्या दिवसाचे आकडे घाला. ०.७० गुणिले ८५ म्हणजे पौंडाला ५९ रुपये ५० पैसे. पौंड ०.४५३६ किलोचा, म्हणून भागले की रुई किलोला साधारण १३१ रुपये. खंडी ३५६ किलोची, म्हणजे खंडीला ४६,७०० रुपयांच्या आसपास. गठाणींची संख्या ऐकताना जपा : आपली गठाण (दाबून बांधलेला रुईचा गठ्ठा) १७० किलोची, अमेरिकन ४८० पौंडांची, म्हणजे जवळपास २१८ किलोची. ‘इतक्या लाख गठाणी आयात’ असे ऐकले की कुठल्या गठाणी ते आधी बघा.

आता कापसाकडे या. १०० किलो कापसातून ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी निघाली असे धरा, बाकी घट. रुईचे ३४ गुणिले १३१ म्हणजे ४,४५४ रुपये. सरकी किलोला ३५ धरली तर २,२४० रुपये. बेरीज ६,६९४. यातून जिनिंग-प्रेसिंग, वाहतूक आणि बाजाराचा खर्च वजा करा. तो आकडा तुमच्या जिनिंगवाल्याकडूनच घ्या. यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. सरकीचा वाटा एकतृतीयांश आहे, म्हणून ढेप (सरकीची पेंड) आणि सरकी तेल उतरले की न्यूयॉर्क जागेवर असूनही कापूस उतरतो. दुसरे, रुईचा उतारा (१०० किलो कापसातून निघणारी रुई) एक टक्का वाढला तर क्विंटलला ९६ रुपयांच्या आसपास फरक पडतो, कारण ३५ रुपयांच्या सरकीऐवजी १३१ रुपयांची रुई मिळते. उताऱ्यावर भाव मागणारे शेतकरी फार थोडे आहेत. मागायला हवा.

शुल्काचा हिशेब आयात मालावर करायचा. समजा भाडे, विमा आणि चांगल्या दर्जासाठीचे जादा पैसे धरून बंदरात माल ७८ सेंटला पडला. किलोला १४६ रुपये होतात. त्यावर ११ टक्के म्हणजे १६ रुपये. ३४ किलो रुईमागे ५४७ रुपये. म्हणजे या उदाहरणात शुल्कमाफीचा पूर्ण भार शेतकऱ्यावर पडला तरी क्विंटलमागे साडेपाचशेच्या पुढे जात नाही. भाव हजाराने पडला असेल तर उरलेले साडेचारशे दुसरीकडे शोधा : सरकीत, ओलाव्यात, नाहीतर खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावात येऊन थेट माल घेतात त्यात. हे शुल्क फेब्रुवारी २०२१ मध्ये लागले, २०२२ मध्ये काही महिने माफ झाले, आणि पुन्हा १९ ऑगस्ट २०२५ पासून आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत माफ झाले. दुसरी मुदत नेमकी वेचणीच्या हंगामात पडली. माझ्या मते तक्रार करायचीच तर या वेळेबद्दल करावी. नुकसान क्विंटलमागे काही शेकड्यांचेच असले तरी ते माल घरात असताना झाले.

हमीभाव २०२५-२६ साठी लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये आहे. पण तो सीसीआयच्या (सरकारी भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर, ८ टक्के ओलाव्याला. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांच्या वरचा माल घेत नाहीत. सकाळच्या दवात वेचलेला कापूस तसाच भरला की हाच आकडा घात करतो. एक-दोन दिवस पातळ पसरून मग गाडी भरा.

प्रश्न : सोयाबीनचा भाव पडला की सगळे पामतेलाला दोष देतात. ते बरोबर आहे का?
(वाचक, मूर्तिजापूर, जि. अकोला)

अर्धे बरोबर. १०० किलो सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास पेंड निघते, जिला व्यापारी डीओसी म्हणतात. ३१ मे २०२५ च्या सुमारास कच्च्या खाद्यतेलावरचे (यात पामतेलही आले) एकूण शुल्क २७.५ वरून १६.५ टक्क्यांवर आले, म्हणजे ११ टक्क्यांनी कमी झाले. तेल किलोला १०० रुपये धरले तर किलोला ११ रुपये, १८ किलोला १९८. शुल्काचा धक्का क्विंटलमागे दोनशेच्या आत.

पेंडेचे बघा. पेंड किलोला ५ रुपयांनी उतरली की ८० किलोला ४०० रुपये गेले. म्हणजे खरी दोरी पेंडेच्या हातात आहे, आणि पेंड खाणारा ग्राहक म्हणजे कोंबड्या आणि जनावरे. मका-तांदळापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यांतून डीडीजीएस नावाचे प्रथिनयुक्त खाद्य निघते आणि ते स्वस्त पडते. पशुखाद्यवाले तिकडे वळले की आपल्या पेंडेला गिऱ्हाईक कमी. निर्यातीतही ब्राझील-अर्जेंटिनाची पेंड आपल्यापेक्षा स्वस्त असते.

शिकागोच्या वायदे बाजारातला भाव बुशेल या मापात असतो आणि सोयाबीनचा बुशेल २७.२ किलोचा. १,००० सेंट म्हणजे १० डॉलर. ८५ च्या डॉलरने क्विंटलला सुमारे ३,१२० रुपये. आपला २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८. ही दरी टिकते ती आयात शुल्कामुळे आणि जनुकीय बदल केलेल्या दाण्याला इथे दार बंद असल्यामुळे. ऑगस्ट २०२१ मध्ये तशा वाणाची १२ लाख टन पेंड आयातीला परवानगी मिळाली तेव्हा हे दार थोडे उघडले. त्या हंगामातली घसरण बाजार समितीच्या जुन्या पावत्यांवर अजून दिसेल. चर्चेसाठी पामतेलापेक्षा हा विषय कितीतरी मोठा आहे.

प्रश्न : अमेरिका आपल्या कापूस शेतकऱ्याला अनुदान देते, म्हणून जगात भाव पडतो आणि आपण मरतो, असं भाषणात ऐकलं. खरं किती?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, खामगाव, जि. बुलढाणा)

यात तथ्य आहे, आणि त्याला कागदोपत्री आधारही आहे. ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत याच मुद्द्यावर अमेरिकेविरुद्ध तक्रार केली आणि जिंकली. २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवले. २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार आफ्रिकी देशांनीही तिथे हाच प्रश्न मांडला होता.

पण तिथेच थांबू नका. तक्रार करणारा ब्राझील पुढे २०२३-२४ मध्ये कापूस निर्यातीत अमेरिकेच्या पुढे गेला. त्याची हेक्टरी रुई १,८०० किलोच्या वर आणि आपली सरासरी साडेचारशेच्या आसपास. ब्राझीलचा कापूसही बहुतांश पावसावरचाच, आणि माटो ग्रोसो भागात तर सोयाबीन काढून त्याच जमिनीत घेतलेला. झाडे दाट, वाण कमी कालावधीचे, बोंडे एकदम फुटणारी, वेचणी यंत्राने. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने हलक्या जमिनीसाठी सुचवलेली सघन लागवड ९० बाय १५ सेंटिमीटरची आहे, म्हणजे हेक्टरी सुमारे ७४,००० झाडे. भारी, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत आणि पसरणाऱ्या वाणात हे अंतर चालत नाही. झाड कायिक वाढीत (नुसत्या फांद्या-पानांत) जाते आणि खालची बोंडे सडतात.

तुमच्या गावाचाच धागा घ्यायचा तर १८६१ ते १८६५ चे अमेरिकेतले यादवी युद्ध वाचा. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या बाजाराला अमेरिकेचा कापूस मिळेना, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि युद्ध संपताच तो कोसळला. तेव्हा अनुदान नव्हते, तरी भाव परदेशात ठरत होता.

प्रश्न : रोज एवढे आकडे बघणं जमत नाही. नेमके कोणते लिहून ठेवावेत?
(शेतकरी गट, ता. आर्वी, जि. वर्धा)

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सहा आकडे पुरेत : न्यूयॉर्कचे सेंट, डॉलरचा भाव, २९ मिलिमीटर धाग्याच्या रुईचा खंडीचा भाव, सरकीचा भाव, आपल्या बाजार समितीतला कापसाचा भाव आणि त्या दिवशीचा ओलावा. पहिल्या चारवरून वरच्या रीतीने भाव काढा आणि पाचव्याशी ताडून बघा. फरक दर आठवड्याला सारखाच राहिला तर तो खर्चाचा आहे. अचानक वाढला तर आधी ओलावा, मग सरकी, मग परिसरातली किती जिनिंग चालू आहेत ते बघा. न्यूयॉर्कचे सौदे मार्च, मे, जुलै, ऑक्टोबर आणि डिसेंबर या महिन्यांचे (त्या महिन्यात माल द्यायचे करार) असतात, म्हणून आकड्याशेजारी सौद्याचा महिनाही लिहा. डिसेंबरचा सौदा संपून मार्चचा लागला की आकडा एका दिवसात हलतो, आणि महिना लिहिलेला नसेल तर तीच हालचाल पुढे तेजी किंवा मंदी म्हणून वाचली जाते.