वाचकांचे प्रश्न : ‘मंजूर, मंजूर’ आणि जिनिव्हा

प्रश्न : आमच्या भागात दर हंगामाला ऊसदराचे आंदोलन होते. मध्यंतरी गावच्या वाचनालयातील व्याख्यानात ऐकले, की आपल्या एफआरपीविरुद्ध (उसाला कायद्याने ठरवून दिलेल्या किमान दराविरुद्ध) जागतिक व्यापार संघटनेत निकाल लागला आहे आणि म्हणून चळवळींनी आता ‘जागतिक लोकशाही’साठी लढले पाहिजे. आम्ही चक्का जाम करायचा तो कोठे? शिवाय तक्रार करणारा देश ब्राझील असेल, तर तेथील शेतकऱ्यांशी आमची एकजूट कशी होणार?
— एक ऊस उत्पादक, वाळवा तालुका, जि. सांगली

उत्तर : व्याख्यात्यांनी निकालाविषयी सांगितले ते खरे आहे, मात्र ते अर्धे आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी २०१९ मध्ये भारताच्या साखर-धोरणाविरुद्ध तक्रार केली आणि १४ डिसेंबर २०२१ रोजी संघटनेच्या पॅनेलचा, म्हणजे निवाडा मंडळाचा, अहवाल भारताच्या विरोधात गेला. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच हंगामांत भारताने ऊस उत्पादकांना दिलेले साहाय्य उसाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या १० टक्के या मर्यादेपलीकडे गेले, असे पॅनेलने ठरवले. ऊस सरकार विकत घेत नाही, बिल कारखाना देतो, तेव्हा हे सरकारी साहाय्य कसे, असा भारताचा युक्तिवाद होता. तो फेटाळला गेला. कायद्याने बांधलेला किमान दर हेच साहाय्य, असे त्यावरचे उत्तर होते. त्यातही ताडून पाहण्यासाठी जी आंतरराष्ट्रीय किंमत धरतात, ती शेतीविषयक करारानुसार १९८६ ते १९८८ या वर्षांवर बेतलेली आहे. त्या काळातील खताच्या आणि डिझेलच्या किमती ज्यांना आठवतात, त्यांना या हिशेबाविषयी अधिक काही सांगावे लागणार नाही.

भारताने जानेवारी २०२२ मध्ये अपील केले. परंतु अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्यामुळे तेथील अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच बंद पडलेले आहे. त्यामुळे हा निकाल अमलातही आला नाही आणि रद्दही झाला नाही. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी जाहीर झाली, ती याच अधांतरी अवस्थेत. म्हणजे आपल्या दरावर आक्षेप घेणारी व्यवस्था आपण निवडलेली नाही, आणि तिचे काम थांबले तेही आपल्याला विचारून थांबलेले नाही.

आता लोकशाहीचा मुद्दा. जागतिक व्यापार संघटना कागदावर पाहिली, तर आपल्या सहकारी कारखान्यासारखीच आहे : १६६ सदस्य आणि प्रत्येकाला एक मत. याउलट आंतरराष्ट्रीय नाणेनिधी खासगी कंपनीसारखा चालतो. तेथे मत भांडवलाच्या वाट्यावर मोजले जाते, मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून अधिक मते असल्याने तिच्या संमतीवाचून असा निर्णय होऊ शकत नाही. मग व्यापार संघटना अधिक लोकशाहीवादी म्हणायची का? ऊसपट्ट्यातील माणसाने याचे उत्तर आपल्या अनुभवावरून द्यावे. मी स्वतः एका सहकारी कारखान्याचा सभासद आहे; नावाला येथे महत्त्व नाही. काही वर्षांपूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभेत तोडणी-वाहतुकीच्या कपातीविषयीचा प्रश्न मी कागदावर लिहून नेला होता. विषयपत्रिकेवरील विषयाचे वाचन पुरे होण्याआधीच पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होई आणि अध्यक्ष पुढच्या विषयाकडे वळत. माझा हात वर होता, माईक तिसऱ्या रांगेपर्यंत आलाही होता, आणि तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर राष्ट्रगीत सुरू झाले. सगळे उठून उभे राहिले, मीही राहिलो. सभा संपली. तो कागद अजून माझ्या अहवालाच्या प्रतीत आहे.

संघटनेचे मुख्यालय असलेल्या जिनिव्हातील ‘सर्वसहमती’ बऱ्याचदा अशीच घडत आली आहे. हजर असलेल्या कोणी औपचारिक हरकत घेतली नाही, तर सहमती झाली असे धरतात. मसुदा मात्र आधी निवडक देशांच्या बंद बैठकीत तयार होतो, आणि त्या बैठकांना तेथे ‘ग्रीन रूम’ असे नाव आहे. १९९९ च्या नोव्हेंबरअखेर अमेरिकेत सिएटल येथे या संघटनेची परिषद भरली, तेव्हा बाहेर कामगार संघटना, पर्यावरणवादी आणि विद्यार्थी यांनी रस्ते अडवले होते, ही गोष्ट सर्वांना आठवते. आत आफ्रिकी देशांच्या प्रतिनिधींनी, आम्हाला वगळून झालेल्या मसुद्याला आम्ही संमती देणार नाही, असे जाहीर केले होते, हे फारसे कोणी सांगत नाही. परिषद निर्णयाविना संपली, त्यात या दोन्ही गोष्टींचा वाटा होता.

यावरून आपल्या ‘कोठे’चे उत्तर द्यायचे तर मी दिल्ली असे म्हणेन. जिनिव्हात शेतकरी पक्षकार होऊ शकत नाही; तेथे फक्त सरकारे बोलतात. आपले सरकार तेथे कोणती भूमिका घेणार, हे सांगण्याचे बंधन त्याच्यावर फार कमी आहे. एप्रिल १९९४ मध्ये माराकेश येथे भारताने जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर सही केली, त्यासाठी संसदेची संमती आवश्यक नव्हती, आणि आजही आंतरराष्ट्रीय कराराला ती लागत नाही. असे करार सहीपूर्वी संसदेपुढे आले पाहिजेत, ही मागणी ऊसदराच्या मागण्यांच्या यादीत कधी तरी यावी, असे मला वाटते. अर्थात चळवळींचे त्या वेळीही एकमत नव्हते. डंकेल प्रस्तावाला, म्हणजे या कराराच्या मसुद्याला, कर्नाटकात प्रा. नंजुंडस्वामी यांच्या रयत संघ या शेतकरी संघटनेने कडाडून विरोध केला, तर आपल्याकडे शरद जोशी यांनी त्याचे स्वागत केले, कारण भारतीय शेतकऱ्याला अनुदान नव्हे, तर उणे अनुदान मिळते, म्हणजे सरकारी धोरणांमुळे त्याच्या पदरी जागतिक भावापेक्षा कमी भाव पडतो, असा त्यांचा हिशेब होता. दोघेही शेतकऱ्यांच्याच बाजूने बोलत होते. हा वाद खुला झाला, ही त्या काळाची जमेची बाजू. तो संसदेत मतदानापर्यंत गेला नाही, ही खरी उणीव.

ब्राझीलविषयी आपली शंका रास्त आहे आणि तिला सोपे उत्तर नाही. तक्रार ब्राझीलच्या सरकारने केली, हे खरे. पण त्याच देशात भूमिहीन शेतमजुरांची १९८४ पासून चालत आलेली मोठी चळवळ बड्या जमीनदारांच्या पडीक जमिनीवर हक्क सांगते, आणि ती चळवळ व कर्नाटकचा रयत संघ १९९३ मध्ये बेल्जियममधील मॉन्स येथे स्थापन झालेल्या ‘ला व्हिया कांपेसिना’ या जागतिक शेतकरी संघटनेत एकत्र आहेत. या संघटनेच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर १७ डिसेंबर २०१८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने शेतकरी व ग्रामीण श्रमिकांच्या हक्कांचा जाहीरनामा १२१ विरुद्ध ८ मतांनी संमत केला. ५४ देश तटस्थ राहिले, भारताने बाजूने मत दिले. तो कोणत्याही सरकारवर बंधनकारक नाही. आणि एक प्रश्न उरतोच : आपण अनुदान देऊन साखर निर्यात केली, की जागतिक बाजारात भाव पडतो आणि त्याचा फटका तिकडच्या ऊसतोड मजुरालाही बसू शकतो. एकजूट करायची, तर हा विषय टाळून ती होणार नाही.

प्रश्न : प्रतिसरकार हा आमच्या जिल्ह्याचा वारसा आहे. जागतिक लोकशाहीच्या चर्चेत त्याचे उदाहरण देता येईल का?
— एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : जपून द्यावे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात (आजचा सांगली जिल्हाही त्यातच होता) इंग्रजी राजवटीला समांतर असे हे सरकार उभे राहिले; गावोगावी न्यायदान मंडळे चालली, सावकारी आणि दारूला आळा बसला, थोडक्या खर्चात गांधी-विवाह लागले. पण त्याला ‘पत्री सरकार’ हे नाव पडले ते तळपायांवर दिलेल्या शिक्षेमुळे, आणि ही बाजू भाषणांतून हल्ली वगळली जाते. उदाहरण म्हणून घेण्यासारखे आहे ते एवढेच, की निवाडा करणारे त्याच गावात राहत होते आणि दुसऱ्या दिवशी लोक त्यांना वाटेत गाठू शकत होते. जिनिव्हाच्या पॅनेलला असे गाठता येत नाही.

प्रश्न : एखाद्या स्थानिक चळवळीने जागतिक संस्थेत खरोखर बदल घडवल्याचे उदाहरण आहे का?
— एक वाचक, कराड

उत्तर : आहे, आणि ते महाराष्ट्रातील आहे. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. त्या जलाशयात महाराष्ट्रातून सर्वप्रथम बुडणारे गाव अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली होते. नर्मदा बचाव आंदोलन आणि परदेशांतील त्याचे पाठीराखे यांच्या दबावामुळे बँकेला १९९१ मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. समितीने जून १९९२ मध्ये पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत गंभीर त्रुटी दाखवल्या, आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेने तपासणी पॅनेल स्थापन केले. बँकेच्या पैशातून होणाऱ्या प्रकल्पाने बाधित झालेल्या कोणत्याही दोन किंवा अधिक लोकांना आपल्या सरकारला वगळून तेथे थेट तक्रार करता येते.

धरण मात्र थांबले नाही. ते १३८.६८ मीटर उंचीपर्यंत पूर्ण होऊन सप्टेंबर २०१७ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. तपासणी पॅनेलही मुख्यतः बँकेने स्वतःचे नियम पाळले की नाही, एवढेच तपासते, आणि त्याच्या अहवालावर पुढे काय करायचे ते बँकेचे संचालक मंडळ ठरवते, जेथे मते पुन्हा भांडवलाच्या वाट्यावरच मोजली जातात.