फडातल्या मुलांचे फोटो काढायचेत, पण पुढे काय?

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातला, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऊसतोडीत राबणाऱ्या मुलांचे फोटो काढून लोकांसमोर मांडायचे आहेत. जुना कॅमेरा घेतलाय. वडील म्हणतात, यानं पोट भरणार नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : कॅमेरा आहे तेवढा पुरे. आता एक वही घे. १९०८ पासून लुईस हाइन अमेरिकेतल्या गिरण्या-खाणींमध्ये बालमजुरांचे फोटो काढत फिरला. स्वतःच्या जाकिटाच्या बटणांवरून तो मुलांची उंची ताडायचा आणि खिशातल्या खिशात नोंदी लिहायचा. वय, काम, मजुरी खाली लिहिलेली होती म्हणून ते फोटो पुरावा ठरले.

फडात तर नोंदीला फारच महत्त्व आहे. तिथे मजुरी ठरते ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करणाऱ्या, मोळ्या बांधू लागणाऱ्या दहा वर्षांच्या पोरीचं नाव कुठल्याच हिशेबात नसतं. तिचं काम किती वाजता सुरू झालं, ती कितवीत आहे, शाळा कधीपासून बुडली, हे त्याच दिवशी लिही. पण दिसेल त्या मुलाला 'बालमजूर' म्हणू नकोस. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी आहे. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या कामाला हातभार लावायची मात्र सवलत आहे. फोटोखालची ओळ चुकली की मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार, तेवढंच धरून अख्खं काम खोडून काढतो.

चेहरा दाखवू नकोस. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार संरक्षणाची गरज असलेल्या अशा मुलांची ओळख उघड केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. डोळ्यांवर काळी पट्टी मारून भागत नाही. गावातले लोक फ्रॉकवरूनही ओळखतात. त्यापेक्षा पाचटानं, म्हणजे उसाच्या वाळक्या पात्यांनी, ओरखडलेले हात, पाठमोरी मोळी, उगवत्या उजेडासमोरची काळी आकृती टिप. ट्रॅक्टरचा नंबर आणि शाळेचं नाव चौकटीबाहेर ठेव, फोटो पाठवण्याआधी फाइलमधलं लोकेशन काढून टाक. त्या कुटुंबावर मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, असतात. फोटोचा राग त्यांच्यावरच निघतो. म्हणून आधी आई-वडिलांना आणि मुलालाही विचार. पैसे देऊ नकोस. मूल धोक्यात दिसलं तर कॅमेरा बाजूला ठेव आणि १०९८ या मुलांसाठीच्या मदतक्रमांकावर फोन कर.

तोड अंधारातच सुरू होते. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, १६०० च्या पुढे न्यायला कचरू नकोस. शटरचा वेग १/२५० सेकंदापेक्षा मंद झाला की कोयत्याचा हात पुसट येतो.

वडिलांची काळजी रास्त आहे. नुसत्या अशा फोटोंवर सुरुवातीला घर चालत नाही. पदवी पूर्ण कर. पुढे तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजकार्य शिकता येईल, पुण्यात सिम्बायोसिसमध्ये फोटोग्राफीची पदवी आहे. फोटो, लेखन आणि क्षेत्रकार्य तिन्ही येणाऱ्याला संस्था, वृत्तपत्रं, संशोधन प्रकल्प अशा जागा खुल्या होतात. 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातली कामं मराठीत वाच, म्हणजे मजकूर आणि फोटो एकमेकांना कसे धरून असतात ते कळेल.

या हंगामात एकच टोळी धर. वीस फोटो, प्रत्येकाखाली चार ओळी. टोळी गावाकडे परतायच्या आत त्या घरांना त्यांच्या फोटोंच्या प्रती नेऊन दे.