बोटीवर वही आणि पायथन, दोन्ही नेतोयस तर

भाऊ, घरचे सगळे क्रूझवर निघालेत आणि तुझा पायथनचा, म्हणजे प्रोग्रॅमिंगच्या त्या भाषेचा, कोर्स अर्ध्यावर आहे, शिवाय प्रवासाची डायरीही लिहायचीय म्हणालास. दोन्ही जमतं, पण धडे जळगावलाच डाउनलोड करून घे. मुंबईचा किनारा मागे पडला की रेंज जाते, आणि बोटीवरचं वायफाय खिशाला झोंबतं. मी व्हिडिओंच्या भरवशावर गेलो आणि ते गोल चक्र फिरताना बघत बसलो.

डायरीला साधी वही बरी. रात्री सावकाश लिहीन म्हटलं की राहिलंच समज. जेवता जेवता दोन ओळी खरडायच्या. 'समुद्र सुंदर होता' असलं काही नको. आमच्या आईने तिसऱ्या दिवशी पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली आणि सरळ पास्त्यावर भुरभुरली. असलं लिही.

सरावाला उदाहरणंही तिथलीच घे. आमच्या केबिनमधल्या टीव्हीवर बोटीचा वेग नॉटमध्ये दिसायचा. मी तो वहीत टिपायचो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, तेवढ्यावर छोटा प्रोग्रॅम होतो. प्रोग्रॅममधल्या माझ्या वेगांच्या यादीतून पहिला आकडा मात्र सारखा गायब! दोन तास डोकं खाजवल्यावर कळलं, पायथन ० पासून मोजतो आणि मी १ पासून मागत होतो. ओळीआधीच्या मोकळ्या जागाही जपून मोज. एका ठिकाणी चार, खाली तीन झाल्या की तो अडून बसतो.

लॅपटॉप डेकवर काढू नकोस, वारा खारा असतो. आलास की वही घेऊन ये, भरीत-पुरीचा बेत करू.