डोरा ही नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीची उपछावणी होती की स्वतंत्र छळछावणी?

आधी उपछावणी, नंतर स्वतंत्र. २८ ऑगस्ट १९४३ ला बुखेनवाल्डहून १०७ कैदी जर्मनीतल्या नॉर्डहाउझेनजवळ कोनश्टाइन डोंगरात आणले, तिथून डोरा सुरू झाली. ऑक्टोबर १९४४ च्या शेवटी ती मिटेलबाऊ नावाने वेगळी झाली आणि तिच्याच हाताखाली जवळपास चाळीस उपछावण्या आल्या. म्हणून डोराचा माणूस शोधताना बुखेनवाल्डच्या नोंदीही बघाव्या लागतात.

पण माझ्या मते खरा प्रश्न हा आहे की उपछावणी निघायचीच कशाला? काम जिथे, तिथे कैदी नेऊन टाकायचे, म्हणून. ब्रिटिश विमानांनी ऑगस्टमध्ये जर्मनांच्या पेनेम्युंडे इथल्या रॉकेट केंद्रावर बॉम्ब टाकले, तेव्हा व्ही-२ या लढाऊ रॉकेटचा कारखाना जमिनीखाली हलवायचं ठरलं. कोनश्टाइनमध्ये बोगदे होते, ते कैद्यांकडून वाढवून घेतले. बाहेर बराकी बांधायला सवड दिलीच नाही. हजारो माणसं महिनोन्‌महिने बोगद्यातच झोपली. चार मजली फळ्यांवर एक पाळी उठली की दुसरी तिथेच आडवी व्हायची. शेजारी सुरुंग फुटत, श्वासात दगडाची धूळ जाई, पाणी जेमतेम, शौचाला अर्धे कापलेले पिंप. १९४४ च्या वसंतापर्यंत सुमारे तीन हजार जण तिथेच मेले. कामातून गेलेल्या आणखी हजारोंना माय्दानेक आणि बेर्गेन-बेल्झेनला पाठवलं.

एलरिख गावातल्या उपछावणीबद्दल फारसं कुणी बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मे १९४४ मध्ये गावच्या रेल्वे स्टेशनाला लागून, बंद पडलेल्या जिप्समच्या कारखान्यात ही उपछावणी काढली. कैदी रोज कामाला जाताना-येताना लोकांच्या डोळ्यांसमोरून जात. तिथे सुमारे चार हजार जण मेले. पुढे पूर्व आणि पश्चिम जर्मनीची सीमा याच जागेतून गेली.

मिटेलबाऊत एकूण सुमारे ६०,००० कैदी आले, त्यांतले २०,००० जगले नाहीत. व्ही-२ च्या माऱ्यात मेले त्याहून कितीतरी जास्त. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन फौजा जवळ आल्यावर कैद्यांना तिथून हाकललं. १३ एप्रिलला गार्डेलेगेनजवळच्या एका गोदामात हजारावर कैदी जाळून आणि गोळ्या घालून मारले, त्यांतले बरेच मिटेलबाऊच्या उपछावण्यांतले होते. दुसऱ्याच दिवशी अमेरिकन गावात पोचले.

'व्ही-२ च्या इंजिनिअरांना काय माहीत होतं?' असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. व्ही-२ बनवणाऱ्यांचा प्रमुख इंजिनिअर वेर्नर फॉन ब्राउन बोगद्यात जाऊन आला होता. ऑगस्ट १९४४ च्या एका पत्रात, कुशल कैदी निवडायला आपण बुखेनवाल्डला गेलो होतो, असं त्याने स्वतः लिहिलंय. उत्पादन सांभाळणारा आर्थर रुडॉल्फ पुढे अमेरिकेत सॅटर्न-५ या चांद्र रॉकेटचा प्रकल्पप्रमुख झाला. या इतिहासाची चौकशी लागल्यावर १९८४ मध्ये त्याने अमेरिका सोडली. १९४७ च्या डोरा खटल्यात १९ आरोपी होते, फाशी एकालाच झाली. कारखान्याचा मुख्य संचालक गेओर्ग रिकहाय निर्दोष सुटला.